मामांची वर येण्याची रीत

मालवणला समुद्रात बुडी मारण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'दमा आहे का' या प्रश्नापुढे मी 'नाही' असं लिहिलं. मला दमा आहे.

एवढ्यावरून माझ्या अकलेची कल्पना वाचकांना आलीच असेल, तेव्हा तिच्याबद्दल वेगळं काही सांगत नाही. पुढे जागोजागी ती आपली आपणच दिसेल. सांगायचं आहे ते माझ्या मामेसासऱ्यांबद्दल, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, सख्ख्या मामांबद्दल. कल्याणपासून बदलापूरपर्यंत जेवढी म्हणून माणसं श्वास घेतात, त्या सगळ्यांच्या श्वासाची जबाबदारी आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे असं मानणारा हा या पृथ्वीवरचा एकमेव माणूस. लोक निवृत्त झाले की शेजाऱ्यांच्या पार्किंगवर लक्ष ठेवतात. मामा शेजाऱ्यांच्या फुफ्फुसांवर लक्ष ठेवतात.

मामा पाणबुडे होते. अंबरनाथच्या एका चाळीत वाढलेला, दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला शिकलेला हा मुलगा पुढे एका कंत्राटदाराकडे लागला आणि बंदरात उभ्या असलेल्या जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडू लागला. जहाजं नसली की धरणांचे दरवाजे, पुलांचे खांब, आणि अधूनमधून विहिरीत पडलेले पंप. बावीस वर्षं त्यांनी पाण्याखाली काढली. मग एकाएकी काम सोडलं आणि मामींसह बदलापूरच्या कडेला खरवईत चौथ्या मजल्यावर राहायला आले. पण माणूस पाण्यातून बाहेर आला तरी पाणी माणसातून बाहेर येत नसावं. मामा आजही जमिनीवर असे वावरतात, जणू त्यांच्या डोक्यावर तीन पुरुष पाणी आहे आणि वर जाताना जरा घाई केली तर जिवावर बेतेल.

उदाहरणार्थ, जिना. मामा पहिला मजला चढतात, दुसरा चढतात, आणि तिसऱ्यावर बरोबर तीन मिनिटं थांबतात. दम लागलेला नसतो. या वयातही ते माझ्यापेक्षा झपझप चढतात. पण खोल पाण्यातून वर येताना शेवटच्या टप्प्यावर थांबायचं, अंगात मुरलेला वायू हळूहळू निघू द्यायचा, हा त्यांच्या धंद्याचा नियम, आणि नियम म्हणजे नियम. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी शेवटी दाराबाहेर एक स्टूलच ठेवून दिलं. माझ्या मेहुण्याच्या लग्नात स्टेजला सात पायऱ्या होत्या. मामा हातात पाकीट घेऊन पाच पायऱ्या चढले आणि घड्याळ बघत उभे राहिले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे दीडेकशे पाहुणे. वर नवरा-नवरी हात पुढे करून हसत उभी. मी हळूच म्हटलं, "मामा, चला ना, लोक खोळंबलेत." मामा म्हणाले, "तुम्हाला जायचं तर जा पुढे जावई. नंतर सांधे धरले तर मला सांगू नका." तीन मिनिटांनी ते वर गेले तेव्हा फोटोग्राफरने सुटकेच्या आनंदात त्यांचे एकट्याचे अकरा फोटो काढले.

लिफ्टमध्ये तर आणखी मजा. वर जाताना श्वास कोंडून धरायचा नाही, सोडत राहायचा, हा त्यांचा दुसरा नियम. एकदा सुजाताच्या साड्यांच्या खरेदीसाठी आम्ही उल्हासनगरला गेलो होतो. दुकान पाचव्या मजल्यावर, लिफ्टमध्ये आम्ही धरून आठ जण आणि कापडाचे दोन गठ्ठे. लिफ्ट हलताच मामांनी घोषणा केली, "चलो, सब लोग मुंह खुला रखो. आऽऽ करो. सांस रोकना नहीं." त्यांच्या आवाजात काय जरब आहे देव जाणे, आठही जणांनी तोंडं उघडली. पाचवा मजला येईपर्यंत ती लिफ्ट 'आऽऽ' करत वर चढत होती, आणि त्या सुरात सर्वांत मोठा आवाज माझा होता. दार उघडल्यावर एका सिंधी मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा करून अदबीने विचारलं, "साईं, बहुत अच्छा लगा. ये कौन से गुरुजी का है?"

"समुंदर का," मामा म्हणाले आणि साड्या बघायला गेले.

तिसरी सवय मिठीची. मामा भेटले की मिठी मारतात आणि बराच वेळ सोडत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, काय प्रेमळ गृहस्थ आहेत. प्रत्यक्षात ते समोरच्याच्या छातीला कान लावून श्वास ऐकत असतात. माझ्या लग्नातही त्यांनी मला अशीच मिठी मारली होती. दोन मिनिटं झाली, तीन झाली. इतकी माया पाहून मला भरून आलं, डोळ्यांत पाणी आलं. मी हुंदका दिला तसे ते म्हणाले, "हलू नका." नंतर कळलं की मिठी संपल्यावर ते थेट माझ्या आईकडे गेले आणि म्हणाले, "ताई, पोराची छाती वाजते." आणि आई म्हणाली, "त्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे."

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आमच्या घरात कुणालाच दमा नाही. आजोबांना 'छातीची सर्दी' होती आणि ती तीस वर्षं टिकली. आत्याला 'हवा मानवत नाही'. काकांना 'जिना चढल्यावर जरा तसं होतं'. अंबरनाथला आमच्या वसाहतीत घरोघर हेच. 'दमा' म्हटलं की मुलाचं लग्न अडतं, मुलीचं तर अडतंच अडतं, म्हणून तो शब्द घरात कुणी काढत नाही. श्वासाचा पंप खिशात असतो, पण तो चार माणसांत काढायचा नाही. संडासात जाऊन ओढायचा आणि बाहेर येऊन पोट बिघडल्याचं सांगायचं. माझ्या पोटाची आमच्या नातेवाइकांत जी कीर्ती आहे ती अशी कमावलेली आहे. तेव्हा मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं ते खोटं बोलायचं म्हणून नव्हे. ते आमच्या घराण्याला धरून होतं.

तर तो फॉर्म. मी आनंदनगरच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. गेल्या वर्षी कंपनीने आम्हा वीस जणांना मालवणची सहल दिली आणि त्यात समुद्रात बुडी मारण्याचा कार्यक्रम होता. पाठीवर हवेची टाकी, सोबत शिकवणारा माणूस, खाली मासे. मला तर अंगात वारं शिरल्यासारखं झालं. आमच्या डिस्पॅचमध्ये बावीस वर्षांची पोरं आहेत आणि ती मला 'अंकल' म्हणतात. त्यांच्यासमोर पाण्यातून केस झटकत वर येण्याचं दृश्य मी मनात इतक्यांदा पाहिलं, की त्यात मला केस होते. मी उल्हासनगरला जाऊन काळा चकचकीत पाणबुड्याचा पोशाखही घेतला. दुकानदार म्हणाला, "साईं, एक्सपोर्ट का माल है." घालून पाहिला, तर छातीपाशी चेन लागेना, आणि कशीबशी लागल्यावर श्वास लागेना. मी म्हटलं, पाण्यात भिजला की सैल होईल.

फॉर्म भरून झाला तेव्हा तो मामांना दाखवावा असं मला वाटलं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. घराण्यातला दुसरा पाणबुडा म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवावा, एवढीच अपेक्षा. रविवारी सकाळी खरवईला गेलो. मामांनी चष्मा लावला आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचला.

"दमा, नाही," ते म्हणाले. "धूम्रपान, कधीच नाही. जावई, तुम्ही पंधरा वर्षं ओढलीत की."

"सोडून नऊ वर्षं झाली मामा."

"दम लागतो का, नाही. उठा. पाठ करा इकडे."

त्यांनी पाठीला कान लावला. श्वास घ्या म्हणाले, घेतला. सोडा म्हणाले, सोडला. "जोरात सोडा. अजून. अजून. सगळा." मी सगळा सोडला.

"शेवटाला शिट्टी आहे."

"कुकरची असेल," मी म्हटलं.

आतून मामींचा आवाज आला, "माझा कुकर अजून चढवलेलाच नाही हो."

मामांनी मला समोर बसवलं. "घाट चढताना गाडीत वेफर्सचं पाकीट बघितलंय? वर गेलं की टम्म फुगतं. का? बाहेरचा दाब कमी झाला, आतली हवा वाढली. फोडलेलं पाकीट फुगत नाही, हवा निघून जाते. चांगलं फुफ्फुस फोडलेल्या पाकिटासारखं. पाण्यातून वर येताना हवा वाढते आणि तोंडावाटे जाते. तुमच्या फुफ्फुसाच्या नळ्या आखडलेल्या. हवा आत जाते, बाहेर निघत नाही. ते बंद पाकीट आहे."

"पण मामा, पाच मीटर फक्त. विहिरीएवढं."

"वरचं पाणीच वाईट. खाली शंभर हात गेलात तरी हवा एवढी झपाट्याने वाढत नाही, जेवढी शेवटच्या पाच मीटरात वाढते. पाकीट फुटलं की हवेचा बुडबुडा रक्तात. रक्तातून मेंदूत. पाण्याच्या वर येऊन तुम्ही हसायला तोंड उघडाल आणि ते तसंच राहील."

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. त्या हाताची शेवटची दोन बोटं जरा वाकडी आहेत, त्यांना गरम-गार कळत नाही. बोटं यंत्रात सापडली होती असंच आम्ही सगळे आजवर समजत होतो.

"यंत्र कुठलं आलंय," मामा म्हणाले. "लहानपणी मला क्षय झाला होता. बरा झाला, पण उजव्या बाजूला वण राहिला. कंत्राटदाराच्या कागदावर मी लिहिलं, काही नाही. बावीस वर्षं दर वेळी तेच लिहिलं. शेवटच्या दिवशी तीन पुरुष पाण्यात होतो. चार दिवसांचा खोकला होता अंगात. वर आलो ते नियमाने. सावकाश. श्वास एकदाही धरला नाही. तरी त्या वणापाशी कफाने हवा अडकली. बोटीत बसलो, तर डावं अंग माझं नव्हतंच. बोलायला गेलो, तर शब्द येईना. मला मुंबईला नेलं. तिथे लोखंडी पिंपासारखी खोली असते, तिच्यात घालून परत दाबाखाली नेतात, म्हणजे बुडबुडा बारीक होतो. दोन दिवस त्या पिंपात होतो. ही बाहेर बाकावर बसून होती." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "बाकीचे सगळे नियम मी पाळले होते जावई. तेवढा एक कागद सोडून."

स्वयंपाकघरात मामी भांडं घासत होत्या त्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, फॉर्म बदलतो. उद्याच बदलतो."

आता कुठलाही शहाणा माणूस इथे सुधारला असता. मी घरी येईपर्यंत सुधारलेला होतो. मग पोशाख पाहिला आणि बिघडलो. मामा जहाजं खरवडत होते, आपण मासे बघायला चाललोय. मामांना क्षय, आपल्याला अ‍ॅलर्जी. असे मुद्दे काढत मी रात्री जेवलो आणि दुसऱ्या दिवशी तोच फॉर्म ऑफिसात देऊन टाकला. बायकोला सांगितलं, मी काठावरच बसणार आहे. तिने मान डोलावली. तिने इतक्या शांतपणे मान डोलावली की आपण घाबरायचं असतं, हे मला अठरा वर्षांच्या संसारात अजून कळलेलं नाही.

सहलीच्या दिवशी सकाळी सहाला कंपनीच्या गेटपाशी बस उभी होती. मी खिडकीशी बसलो होतो, पोशाख बॅगेत. तेवढ्यात बसच्या दारात मामा दिसले. खरवईहून पहाटेची रिक्षा करून आले होते, स्वेटर उलटा घातलेला. आणि मला पहिली धडकी भरली ती अशी की मामा बसच्या पायऱ्या धडाधड चढले. कुठेही थांबले नाहीत.

"जावई, खाली या."

"मामा, जयभीम. तुम्ही कशाला त्रास घेतला? सगळं ठीक आहे."

"फॉर्म बदलला?"

"बदलला ना."

"कुठला रकाना?"

मी विचार केला. "पत्त्याचा. पिनकोड चुकला होता."

सबंध बस ऐकत होती. आमचे मॅनेजर पुढे आले आणि नम्रपणे म्हणाले, "काका, काळजी करू नका. लाइफ जॅकेट असतात तिथे सगळ्यांना."

"फुफ्फुसाला घालता येतं का?" मामांनी विचारलं. मॅनेजर परत जागेवर जाऊन बसले. मग मामा माझ्याकडे वळले. जावयाला 'अहो' म्हणायची आमच्याकडची रीत, ती त्यांनी अठरा वर्षांत कधी मोडली नव्हती. मी त्यांच्यावर चहा सांडला होता तेव्हाही, "अहो, सांडलात की," एवढंच म्हणाले होते. त्या सकाळी वीस माणसांसमोर ते म्हणाले, "ऊठ. बॅग घे आणि उतर खाली. मेलास तर ती पोरगी बाहेर बाकावर बसेल. ते बाक मी बघितलंय."

मी उतरलो. डिस्पॅचमधल्या एका पोराने खिडकीतून अंगठा दाखवला, "अंकल, टेन्शन नको, व्हिडिओ पाठवतो." बस गेली.

मामांनी मला त्याच दिवशी उल्हासनगरला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, आणि आकडे बघून सीटी स्कॅन करून आणायला सांगितलं. संध्याकाळी त्यांनी ती काळी फिल्म दिव्यासमोर धरली. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला लिंबाएवढा एक पोकळ गोळा होता. पातळ पापुद्र्याचा, आत नुसती हवा. कधी तयार झाला सांगता येत नाही म्हणाल्या. सिगारेट, जुना दमा, दोन्ही. एरवी माणूस जन्मभर तो घेऊन फिरतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

"पाण्यात जाणार होतात? किसने बोला?"

"याला कुणी सांगावं लागत नाही," मामा म्हणाले. "हा स्वतःच स्वतःला सांगतो."

"मग, फुटला असता का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक लागला.

त्या म्हणाल्या, "फुटला असता, नसता, कुणी सांगू शकत नाही. पण मी माझ्या भावाला जाऊ दिलं नसतं." मग कागदावर निदान लिहिलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, उल्हासनगरच्या त्या दवाखान्यात, मी पहिल्यांदा 'मला दमा आहे' असं चार माणसांत म्हटलं. काही झालं नाही. बाकावरच्या एका बाईंनी, "मलापण आहे," असं सांगितलं आणि सरकून जागा दिली.

आता पंप मी कारखान्यात सगळ्यांसमोर ओढतो. डिस्पॅचमधली दोन पोरं, जी आजवर 'धुळीने होतं' म्हणायची, तीही ओढायला लागली आहेत. गेल्या दिवाळीला आत्यानेही विचारलं की तुझे ते मामा डॉक्टर कुठे बसतात. मामा डॉक्टर नाहीत असं मी सांगितलं. ती म्हणाली, असू दे, बसतात कुठे ते सांग.

दुसऱ्याच दिवसापासून मामा परत 'अहो जावई'वर आले, ते कायमचे. मी त्याबद्दल कधी बोललो नाही, पण खरं सांगायचं तर मला त्या एका सकाळच्या 'ऊठ'ची आठवण येते. वडील गेल्यानंतर मला इतक्या हक्काने कुणी खाली उतरवलं नव्हतं.

त्या पोराने कबूल केल्याप्रमाणे व्हिडिओ पाठवला. आठवड्याने मी तो घेऊन खरवईला गेलो. दुपारची वेळ, मामी आत आडव्या झाल्या होत्या. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून टीपॉयवर उभा केला. हिरवट पाणी, वरून येणारे उन्हाचे पट्टे, खडकाला धरून हलणारं शेवाळ, आणि एक पिवळ्या पट्ट्यांचा मासा, जो कॅमेऱ्याच्या अगदी समोर येऊन थबकला. मामांनी काम सोडल्यापासून पाण्याच्या आतलं काही पाहिलं नव्हतं. टीव्हीवर समुद्र लागला तरी ते उठून गॅलरीत जात. त्या दिवशी मात्र ते उठले नाहीत. व्हिडिओ संपला, त्यांनी बोटाने खूण केली, परत लावा. परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पाहिलं, त्यांची ती दोन मुकी बोटं टीपॉयच्या काचेवर अलगद हलत होती, पाण्यात हात वल्हवावा तशी.

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही असं मला वाटलं. आमच्यात आभार मानायची पद्धत नाही, आणि मामांचे मानायचे तर शब्दही सापडत नव्हते. मी पुढे वाकलो, घसा साफ केला आणि म्हटलं, "मामा, तुम्ही त्या दिवशी आला नसता, तर आज मी..."

"जावई, जरा डोकं बाजूला घ्या," मामा म्हणाले. "तसंही तुम्ही ते वापरत नाही, आणि मला मासा दिसत नाहीये."